लस घेतल्यानंतरचा कोविड: ओसरणारं संरक्षण, नाजूक प्रतिकारशक्ती आणि आधीच करून ठेवायची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आणीबाणी संपली, विषाणू मात्र राहिला. लस घेतलेल्या बहुतेक धडधाकट माणसांचं आता कोविड झाला तरी चार-सहा दिवसांचा ताप, घसादुखी आणि थकवा एवढ्यावर निभावतं. पण ज्याचं मूत्रपिंड बदललेलं आहे, ज्याची रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे, जो संधिवातासाठी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची इंजेक्शनं घेतो किंवा ज्यानं ऐंशी ओलांडली आहे, त्याला हाच आजार अजूनही रुग्णालयापर्यंत नेऊ शकतो. माझ्या थोरल्या बहिणीचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं आहे, त्यामुळे आमच्या घरात हा विषय कधी शिळा झालाच नाही. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची सगळी तयारी तिच्याभोवती आहे. कोविडवर आता परिणामकारक औषधं आहेत, पण त्यांतल्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात. या पाचांतला एक दिवस ‘साधी सर्दी असेल’ म्हणण्यात जातो, दुसरा टेस्ट मिळवण्यात, तिसरा डॉक्टरांची वेळ मिळण्यात आणि चौथा ‘हे औषध तुमच्या आधीच्या गोळ्यांबरोबर चालेल का’ हे विचारण्यात. म्हणून यातलं जेवढं काम आजारी पडण्याआधी उरकता येईल तेवढं उरकून ठेवायचं.

पायरी १: लस कशापासून वाचवते, ते नीट समजून घ्या

‘लस घेऊनही कोविड झाला, मग लसीचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो. तो रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

डोस घेतल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातल्या अँटीबॉडी सर्वांत जास्त असतात. त्या नाकाघशात आलेल्या विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवू शकतात. पण शरीर इतक्या अँटीबॉडी कायम बनवत बसत नाही. पुढच्या काही महिन्यांत त्यांचं प्रमाण उतरत जातं आणि संसर्ग होण्यापासूनचं संरक्षणही त्याबरोबर ओसरतं. हे प्रत्येकाच्या शरीरात होतं, त्यात लस बिघडलेली नसते. दरवाजावरचा पहारा असा विरळ झाला तरी आतली फौज शिल्लक असते: पुन्हा गरज पडताच अँटीबॉडी बनवणाऱ्या स्मृती बी-पेशी आणि संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी. त्या कामाला लागायला काही दिवस घेतात. तेवढ्यात ताप-खोकला येऊन जातो, पण आजार फुप्फुसांत खोलवर जाण्याआधी आवरला जातो. म्हणून संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत घटतं आणि गंभीर आजारापासूनचं बरंच जास्त टिकतं.

यात विषाणू बदलत असतो, ही दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा त्याच्या स्पाइक प्रथिनात, म्हणजे पेशीला चिकटण्यासाठीच्या काट्यांत, तीसहून अधिक बदल झालेले होते आणि जुन्या अँटीबॉडींपैकी बऱ्याच त्याला नीट चिकटेनात. टी-पेशी विषाणूचे अनेक वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे त्यांना चकवणं त्याला तितकं जमलं नाही. नंतरच्या लसी याच कारणानं नव्या उपप्रकारांना धरून बदलल्या गेल्या: २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५, त्यापुढच्या वर्षी जेएन.१ च्या कुळातले प्रकार. डोस घ्यायचा तर उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत अद्ययावत घ्यावा, तो त्यामुळेच.

आता ज्यांची प्रतिकारशक्तीच औषधांनी दाबलेली आहे त्यांचं काय? त्यांच्यात ही फौज मुळातच नीट उभी राहत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी प्रसिद्ध केली. एमआरएनए लसीचे (पेशींना विषाणूचं एक प्रथिन बनवण्याचा निरोप देणाऱ्या लसीचे) दोन डोस घेऊनही त्यांतल्या ४६ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या नाहीत. त्याच वर्षी फ्रान्समधल्या तुलूझच्या डॉक्टरांनी अशाच १०१ रुग्णांना तिसरा डोस दिला, तेव्हा अँटीबॉडी असलेल्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेते. अशा रुग्णांना जादा डोस खरोखर हवेत. आणि ते घेऊनही काहींना पुरेसं संरक्षण मिळत नाही, म्हणून त्यांनी लसीवर सगळा भार टाकू नये.

‘मग अँटीबॉडी टेस्ट करून बघावी का?’ घरच्या घरी निर्णय घेण्यासाठी करू नये, असं माझं मत आहे. किती आकडा म्हणजे सुरक्षित, याची सर्वमान्य रेषा नाही, आणि टी-पेशींबद्दल ती टेस्ट काहीच सांगत नाही. मोठा आकडा पाहून माणूस गाफील होतो, छोटा पाहून हादरतो. तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांना उपचार ठरवण्यासाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी २: आपण नक्की कोणत्या गटात आहोत?

‘माझी इम्युनिटी कमी आहे’ असं आपण वारंवार सर्दी झाली तरी म्हणतो. वैद्यकीय अर्थानं ज्यांची प्रतिकारशक्ती मध्यम किंवा तीव्र प्रमाणात दबलेली धरतात ते लोक साधारण असे: अवयव प्रत्यारोपण झालेले आणि त्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेटसारखी औषधं घेणारे, ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशा रक्ताच्या कर्करोगांचे रुग्ण, केमोथेरपी चालू असलेले, बोन मॅरो प्रत्यारोपण किंवा कार-टी उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडणं) झालेले, जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार असलेले, एचआयव्ही असून सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या टी-पेशी) २०० च्या खाली असलेले, रिटुक्सिमॅबसारखी बी-पेशी संपवणारी औषधं घेणारे, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवड्यांहून अधिक काळ घेणारे.

मधुमेह, हृदयविकार, दमा, स्थूलपणा, किडनीचा जुना आजार आणि उतारवय यांनी गंभीर आजाराचा धोका वाढतो, पण लसीला शरीराचा प्रतिसाद सहसा बराच मिळतो. त्यांच्यासाठी वेळच्या वेळी डोस आणि लवकर उपचार एवढं बहुधा पुरतं. वरच्या यादीतल्यांना जादा डोस, वेळेचं नियोजन, मास्क आणि आधी ठरवलेलं औषध, असं सगळंच लागतं. आपण कुठे बसतो याबद्दल शंका असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझी प्रतिकारशक्ती दबलेली धरायची का, आणि कितपत?’

पायरी ३: डोसची वेळ औषधांशी जुळवून घ्या

सर्वांत जास्त फायदा इथे पदरात पडू शकतो, आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लस तीच, माणूस तोच, पण डोस कोणत्या आठवड्यात घेतला यावर प्रतिसाद बदलतो.

रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांचं उदाहरण घ्या. हे औषध बी-पेशी संपवतं आणि अँटीबॉडी बनवण्याचं काम त्याच पेशींचं असतं. इंजेक्शननंतर साधारण सहा महिने, कधी त्याहूनही जास्त काळ, अँटीबॉडीचा प्रतिसाद फारच कमी मिळतो. म्हणून शक्य असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या दोन ते चार आठवडे आधी लस घेतात, म्हणजे मागच्या इंजेक्शनपासून जास्तीत जास्त अंतर पडतं आणि शरीराला लसीवर काम करायला वेळही मिळतो. साथ जोरात असेल तर मात्र योग्य आठवड्याची वाट बघत बसू नये. अँटीबॉडी बनल्या नाहीत तरी टी-पेशी बऱ्याच रुग्णांत तयार होतात आणि त्यांचाही आधार मोठा असतो.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी ब्रिटनमधल्या एका चाचणीचा निष्कर्ष उपयोगी आहे. लसीच्या बूस्टरनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं तर अँटीबॉडीचा प्रतिसाद दुपटीहून जास्त मिळाला. काही रुग्णांचे सांधे त्या काळात जास्त दुखले, म्हणून हा निर्णय आजार आटोक्यात असेल तेव्हा आणि तुमच्या संधिवाततज्ज्ञांना विचारूनच घ्यायचा.

प्रत्यारोपित अवयवासाठीच्या गोळ्यांना हा नियम लावायचा नाही. लसीसाठी टॅक्रोलिमस किंवा मायकोफिनोलेट स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. शरीरानं अवयव नाकारला तर होणारं नुकसान लसीच्या कोणत्याही फायद्यापेक्षा मोठं असतं. स्टिरॉइडही एकाएकी सोडायचं नसतं. दीर्घकाळ घेतलेलं असेल तर शरीरानं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावलेलं असतं आणि अचानक थांबवलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.

प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी आधीपासून ठरलेली असेल तर उपचार सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी डोस घेतलेला बरा. बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर किंवा कार-टी उपचारांनंतर जुन्या लसींची आठवण बरीचशी पुसली जाते, म्हणून साधारण तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून डोस द्यायला सुरुवात करतात.

पुढचा डोस किती दिवसांनी? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं २०२३ मध्ये सर्वाधिक धोक्याच्या गटांसाठी आधीच्या डोसनंतर ६ किंवा १२ महिन्यांनी पुन्हा लस सुचवली. वय आणि आजार पाहून अंतर ठरवायचं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलतही राहतात, म्हणून तुमचं नेमकं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. एमआरएनए लसीनंतर विशेषतः तरुण मुलग्यांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, बहुधा आठवडाभरात. लसीनंतर छातीत दुखलं, धडधडलं किंवा धाप लागली तर लगेच दाखवावं. आणि घरातल्या बाकीच्यांचेही डोस वेळेवर व्हायला हवेत. आजारी माणसाला संसर्ग बहुधा घरातूनच होतो.

लसीला प्रतिसादच न देणाऱ्यांसाठी तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन हा आणखी एक मार्ग आहे. टिक्साजेव्हिमॅब आणि सिल्गाव्हिमॅब या जोडीला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली होती, पण विषाणू बदलला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा वापर थांबवावा लागला. मार्च २०२४ मध्ये तिथेच पेमिविबार्ट या दुसऱ्या अँटीबॉडीला आपत्कालीन परवानगी मिळाली. तुमच्याकडे असं काही उपलब्ध आहे का आणि सध्याच्या उपप्रकारावर ते चालतं का, एवढं तज्ज्ञांना विचारून ठेवा.

पायरी ४: एक कागद तयार करा

एका पानावर मावेल इतकाच. त्यावर आजाराचं नाव, प्रत्यारोपण किंवा उपचार सुरू झाल्याची तारीख, रोजच्या सगळ्या औषधांची नावं आणि मात्रा, ॲलर्जी, किडनीच्या ताज्या तपासणीचा आकडा, शेवटच्या लसीची तारीख, आणि सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, ताकदीच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्याही लिहा. आपण डॉक्टरांना त्याच सांगायला विसरतो.

औषधांची यादी का महत्त्वाची, ते सांगते. कोविडवरच्या निर्माट्रेल्व्हिर आणि रिटोनाव्हिर या जोडगोळीतलं रिटोनाव्हिर स्वतः कोविडला मारत नाही. ते यकृतातलं एक विकर (एन्झाइम) अडवून ठेवतं, म्हणजे निर्माट्रेल्व्हिर रक्तात जास्त वेळ टिकतं. पण तेच विकर इतर कितीतरी औषधांचा निचरा करत असतं. टॅक्रोलिमस घेणाऱ्यानं ही जोडगोळी तशीच सुरू केली तर टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी चढते. हात थरथरतात, आणि ज्या मूत्रपिंडासाठी एवढं सगळं केलं त्यालाच इजा होते. सिमव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची काही औषधं, रक्त पातळ करणारी काही औषधं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, गाउटसाठीचं कोल्चिसिन यांच्याबाबतही अडचण येते. फेनिटोइन आणि कार्बामॅझेपिन ही फिट्सची औषधं उलट बाजूनं त्रास देतात: ती कोविडच्या औषधाचाच परिणाम घालवतात. किडनीचं काम कमी असेल तर मात्राही कमी करावी लागते.

हे सगळं तापाच्या दुसऱ्या दिवशी, रात्री दहा वाजता सोडवायला बसू नये. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि शांतपणे विचारा: मला कोविड झाला तर कोणतं औषध द्याल? त्या दिवसांत माझी कोणती गोळी थांबवायची किंवा कमी करायची? ती परत कधी सुरू करायची? रक्तातली पातळी कधी तपासायची? उत्तरं त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवा. आम्ही बहिणीच्या बाबतीत हे केलं, तेव्हा तिच्यासाठी रेमडेसिव्हिर हे कोविडवरचं दुसरं औषध जास्त सोयीचं हे आधीच ठरलं, आणि त्यासाठी तीन दिवस सलाइनमधून औषध घ्यायला कुठे जायचं तेही.

पायरी ५: हवा आणि मास्क

कोविड मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बाहेर पडणारे बारीक कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहू शकतात. त्यामुळे पृष्ठभाग पुसत बसण्यापेक्षा खिडक्या उघडण्यात जास्त शहाणपण आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडलं की हवा खेळती राहते. खिडकी नसलेल्या खोलीत हेपा फिल्टरचं हवा शुद्धीकरण यंत्र मदत करतं. हवा किती कोंदट आहे याचा अंदाज कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्रावरून येतो: बाहेरच्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, आणि खोलीत तो ८०० च्या बराच वर जात असेल तर आपण एकमेकांनी सोडलेली हवाच पुन्हा घेत आहोत असं समजायचं.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा घ्या. कापडी मास्क या कामाला पुरत नाही. मास्क लावल्यावर नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या. एका हातानं चिमटीत दाबली तर मधे टोक येतं आणि तिथून हवा निसटते. मग दोन्ही तळवे मास्कच्या कडांजवळ धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर झुळूक लागली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर बसणी चुकली आहे. पट्टे सरकवा, तार पुन्हा दाबा. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला टेकतच नाही, हेही लक्षात असू द्या. समोरच्यानं मास्क लावलेला नसला तरी आपला नीट बसलेला मास्क आपल्याला बऱ्यापैकी वाचवतो.

तो चोवीस तास लावा असं मी म्हणणार नाही. माणसांत जाणं, हसणं-बोलणं हेही प्रकृतीला लागतंच. दवाखान्यातली बसण्याची जागा, औषधांच्या दुकानातली रांग, गर्दीची बस, लिफ्ट, बंद सभागृह इथे मात्र चुकवू नका. भेटीगाठी उघड्यावर ठेवा. घरी कोणी येणार असेल तर ‘सर्दी-ताप असेल तर पुढच्या आठवड्यात या’ असं आधीच सांगा. सुरुवातीला अवघड वाटतं, पण ज्यांना आपल्या माणसाची काळजी आहे ते राग धरत नाहीत.

पायरी ६: पहिल्या लक्षणाची तारीख लिहा आणि टेस्ट करा

घसा खवखवणं, नाक गळणं, अंग मोडून येणं, कोरडा खोकला, कधी जुलाब. आता वास जाणं कमी दिसतं, त्यामुळे ‘वास येतोय म्हणजे कोविड नाही’ असं धरू नका. स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना ताप चढतच नाही असंही होतं. त्यांच्यात नुसता अनोळखी थकवा किंवा भूक मरणं पुरेसं लक्षण मानावं. जे पहिलं जाणवलं त्याची तारीख लिहून ठेवा, कारण औषधाचे पाच दिवस तिथून मोजले जातात.

घरच्या अँटिजेन टेस्टसाठी आधी नाक शिंकरून हात धुवा. काडी एका नाकपुडीत किटवर सांगितली असेल तितकी आत घालून कडेला घासत गोल फिरवा, मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. किटवर दिलेल्या वेळेला, बहुधा पंधरा मिनिटांनी, उजेडात वाचा. पुसटशी रेषसुद्धा पॉझिटिव्हच. दिलेली मुदत उलटून गेल्यावर उमटलेली रेष धरायची नाही.

निगेटिव्ह आली म्हणून सुटका झाली असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत ही टेस्ट बऱ्याचदा चुकवते, म्हणून ४८ तासांनी पुन्हा करायची असते. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसानं हे ४८ तास नुसते बसून काढू नयेत. लक्षणं आहेत आणि टेस्ट निगेटिव्ह आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून आरटी-पीसीआर करून घ्या.

पायरी ७: पहिले पाच दिवस

पॉझिटिव्ह आल्याबरोबर, रात्र असली तरी, कागदावरच्या नंबरवर फोन करा आणि थोडक्यात सांगा: कोण बोलतंय, कोणता आजार, लक्षणांचा कितवा दिवस, टेस्ट पॉझिटिव्ह, आपलं आधी ठरलेलं औषध सुरू करायचं का.

निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर पाच दिवसांच्या आत सुरू करून पाच दिवस दिवसातून दोनदा घ्यायचं असतं. लस न घेतलेल्या, धोका जास्त असलेल्या रुग्णांवरच्या मूळ चाचणीत तीन दिवसांत औषध सुरू केलेल्यांमध्ये रुग्णालयात जाण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घटलं. लस घेतलेल्या, फारसा धोका नसलेल्या लोकांत असा ठळक फायदा दिसला नाही, म्हणून धडधाकट तरुणानं त्यासाठी धावाधाव करायची गरज नाही. ते चालत नसेल तर रेमडेसिव्हिर, सात दिवसांच्या आत सुरू करून तीन दिवस सलाइनमधून. तेही शक्य नसेल तर मोलनुपिराव्हिर. त्याचा परिणाम कमी आहे आणि गरोदरपणात ते देत नाहीत.

दोन चुका टाळा. पहिली, आपल्या मनानं स्टिरॉइड सुरू करणं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोननं ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. सुरुवातीच्या दिवसांत स्टिरॉइड घेतलं तर विषाणूशी लढणारी शक्तीच आणखी दबते. आधीपासून चालू असलेलं स्टिरॉइड मात्र चालूच ठेवायचं. दुसरी चूक, अँटिबायोटिक. विषाणूवर ते काम करत नाही. वर जिवाणूंचा संसर्ग झाल्याचं डॉक्टरांना वाटलं तरच ते हवं. तापाला पॅरासिटामॉल पुरतं. किडनीचा आजार किंवा प्रत्यारोपण असेल तर आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळा आणि अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका.

पायरी ८: घरी लक्ष कसं ठेवायचं

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर काढा. आकडा नाचत असतो, म्हणून मिनिटभर थांबून जो स्थिर राहील तो लिहा, वेळेसकट, दिवसातून तीन वेळा. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून एका आकड्यापेक्षा उतार बघा: काल ९७ होता आणि आज ९४ आहे, हे सांगण्यासारखं आहे. ९३-९४ दिसला तर डॉक्टरांना फोन. ९२ किंवा त्याखाली आला तर थेट रुग्णालय. फुप्फुसांचा जुना आजार असेल तर तुमचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो. तो आधीच माहीत करून घ्या.

आकडा चांगला असला तरी एक वाक्य बोलताना धाप लागणं, छातीत दाब येणं, गोंधळल्यासारखं वागणं, जागं ठेवूनही डोळे मिटत राहणं, ओठ निळसर किंवा राखाडी पडणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका.

पायरी ९: वेगळं राहणं कधी संपवायचं

प्रकृती सामान्य असेल तर औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि बरं वाटू लागलं आहे, मग बाहेर पडता येतं. पुढचे पाच दिवस मास्क लावावा. प्रतिकारशक्ती दबलेल्यांचं गणित वेगळं असतं. ते वीस दिवस, कधी त्याहूनही जास्त काळ विषाणू बाहेर टाकत राहतात, म्हणून त्यांनी ४८ तासांच्या अंतरानं दोन टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत थांबावं आणि डॉक्टरांना विचारूनच मोकळं व्हावं.

औषध संपल्यावर काही दिवसांत लक्षणं परत येऊ शकतात किंवा टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकते. बहुतेकांत ही दुसरी फेरी सौम्य असते, पण तेवढे दिवस पुन्हा वेगळं राहावं लागतं. बी-पेशी नसलेल्या रुग्णांत आणखी एक प्रकार घडतो: विषाणू आठवडे, कधी महिने शरीरात टिकून राहतो. ताप येतो-जातो, खोकला जात नाही, वजन उतरतं, आणि बाकी सगळ्या तपासण्या करत बसल्यावर कोविडचा विचार शेवटी होतो. असं चाललं असेल तर ‘मला मागे कोविड झाला होता, तो अजून गेला नसेल का?’ असं आपणच विचारावं आणि पीसीआर व छातीचं सीटी स्कॅन करण्याबद्दल बोलावं. त्याला जास्त दिवसांचे उपचार लागतात.

पायरी १०: बरं झाल्यावर

थांबवलेल्या गोळ्या ठरलेल्या दिवशी पुन्हा सुरू झाल्या ना, आणि टॅक्रोलिमस किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाची पातळी तपासली ना, हे आधी बघा. आजार संपल्याच्या आनंदात हीच तपासणी राहून जाते. पुढचा डोस संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी घ्यायला हरकत नसते. धोका जास्त असेल तर डॉक्टर तो लवकरही देतात.

थकवा, धाप, विचारांत धुकं दाटल्यासारखं होणं, धडधड ही लक्षणं कोविड सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनंतरही असतील, किमान दोन महिने टिकली असतील आणि त्यांचं दुसरं कारण सापडत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येप्रमाणे तो दीर्घ कोविड. लसीनं त्याची शक्यता कमी होते, संपत नाही. इथे घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘जरा हिंडाफिरायला लाग, म्हणजे बरं वाटेल’ असा आग्रह करू नका. काही रुग्णांना श्रमानंतर एक-दोन दिवसांनी लक्षणं एकदम बळावतात. त्यांनी आठवडाभर रोज काय केलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं याची वही ठेवावी, आपली मर्यादा ओळखावी आणि कामं त्या मर्यादेच्या आत तुकड्या-तुकड्यांनी करावीत. आंघोळ आणि स्वयंपाक एकाच सकाळी झेपत नसतील तर एक सकाळी आणि एक संध्याकाळी. ती वही डॉक्टरांकडे नेली की ‘सगळ्या रिपोर्टमध्ये काही नाही’ यापुढे बोलणं सरकतं.